बिनतारी लाटांचे उपासक सर जगदीशचंद्र बोस

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनांत इयत्ता नववीच्या मुलांनीं एक प्रयोग मांडला होता. शाळेच्या गच्चीवरील टाकींत पाणी किती आहे हें खालीं प्रयोगशाळेंत बिनतारी यंत्रानें कळावें, असा त्यांचा बेत होता. त्यासाठीं त्यांनीं बाजारांतून दोन लहानशीं रेडिओ मॉड्यूलें आणलीं. एक संदेश पाठविणारें, दुसरें घेणारें. मेजावर शेजारीं शेजारीं ठेवलीं असतां तीं उत्तम बोलत; पण एक गच्चीवर नेलें कीं दुसरें मुकें होई. मुलांचा तर्क असा कीं, यंत्र दुबळें आहे, याहून जोरकस व महाग यंत्र आणलें पाहिजे. एकाच्या वडिलांनीं पैसे देण्याची तयारीही दाखविली होती. मीं जवळ जाऊन पाहिलें तों मॉड्यूलची तार, जिला आपण एरियल किंवा हल्लीं अँटेना म्हणतों ती, पेटींत मावेना म्हणून कोणीं तरी कात्रीनें अर्धी कापून टाकली होती. आणि घेणाऱ्या यंत्राची तार तर पत्र्याच्या डब्यांत गुंडाळून कोंबली होती. सतरा सेंटिमीटरांहून किंचित् लांब अशी तांब्याची तार दोन्ही ठिकाणीं सरळ उभी बसवितांच गच्चीवरील वार्ता खालीं येऊं लागली. त्या संध्याकाळीं मीं त्या मुलांना एका थोर पुरुषाची हकीकत सांगितली. तीच येथें जरा विस्तारानें देत आहे.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं पूर्व बंगालांत झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरींत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते व ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. त्या काळीं सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा म्हणजे तो इंग्रजी शाळेंतच जावयाचा. पण भगवानचंद्रांनीं आपल्या मुलास प्रथम बंगाली शाळेंत घातलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलानें आधीं आपली भाषा व आपलीं माणसें ओळखावींत, परकी भाषा मागाहून शिकावी. त्या शाळेंत जगदीशच्या एका बाजूस घरच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा. कोळ्याच्या मुलाकडून पाण्यांतील जीवजंतूंच्या ज्या गोष्टी ऐकावयास मिळाल्या, त्यांनींच सृष्टीविषयींचें कुतूहल आपल्या मनांत प्रथम जागें केलें, असें ते पुढें मोठेपणीं सांगत असत. त्यांना शाळेंत पोंचविण्यास जो गडी ठेवला होता तो पूर्वींचा दरोडेखोर होता. त्याला तुरुंगांत धाडलें होतें भगवानचंद्रांनींच, आणि सुटून आल्यावर पोट भरण्यास मार्ग नाहीं म्हणून घरांत आश्रय दिला तोही त्यांनींच. पित्याच्या या एका कृत्यांत मुलानें काय पाहिलें असेल याचा आमच्या वाचकांपैकीं आईबापांनीं अवश्य विचार करावा.

पुढें जगदीश कलकत्त्यास आला व प्रथम हेअर स्कूल, नंतर सेंट झेवियर्स ही शाळा व त्याच नांवाचें कॉलेज येथें त्याचें शिक्षण झालें. सेंट झेवियर्समध्यें फादर लाफाँ नांवाचे बेल्जियन जेझुइट पाद्री पदार्थविज्ञान शिकवीत. निरनिराळीं उपकरणें मांडून प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावयाचा, आणि मगच त्याचा नियम सांगावयाचा, ही त्यांची रीत होती. शहरांतील लोकही त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यास जात. १८७६ मध्यें डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं कलकत्त्यास विज्ञानाच्या अभ्यासासाठीं जी संस्था काढली, तींतही या पाद्रीमहाशयांचा मोठा हात होता. जगदीशचंद्रांना हातानें प्रयोग करण्याची गोडी लागली ती यांच्याच वर्गांत. मिशनच्या शाळेंत शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील.

१८८० मध्यें ते इंग्लंडास गेले ते वैद्यक शिकण्यासाठीं. पण अंगांत हिंदुस्थानांतूनच नेलेला ताप होता. शवविच्छेदनाच्या खोलींतील वासानें तो अधिकच बळावे. अखेरीस वैद्यक सोडून ते केंब्रिज येथील क्राइस्ट्स कॉलेजांत सृष्टिविज्ञान शिकूं लागले. तेथें त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरु लाभला. केंब्रिजची व लंडनची अशा दोन्ही पदव्या घेऊन ते परत आले व १८८५ मध्यें कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत त्यांना पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली.

येथें त्यांच्या कसोटीचा पहिला प्रसंग आला. त्याच कामास युरोपियन अध्यापकाला जो पगार मिळे, त्याचे दोनतृतीयांश हिंदी अध्यापकास मिळत; आणि जागा हंगामी असल्यामुळें त्याचेही निम्मे करण्यांत आले. म्हणजे एकाच वर्गांत एकच विषय शिकवून हातांत पडावयाचा तो एकतृतीयांश पगार. घरीं वडिलांनीं लोकोपयोगी उद्योग काढतां काढतां डोंगराएवढें कर्ज करून ठेवलें होतें. अशा वेळीं दुसरा कोणी मिळेल तें मुकाट्यानें घेता. जगदीशचंद्रांनीं नोकरी सोडली नाहीं, तक्रारींचे अर्ज करीत बसले नाहींत, आणि शिकविण्यांत तिळभर कसूरही केली नाहीं. त्यांनीं पगार घेण्याचेंच नाकारलें. असें तीन वर्षें चाललें. याच काळांत, १८८७ मध्यें, त्यांचा अबलाबाईंशीं विवाह झाला. खर्च भागावा म्हणून हें जोडपें कांहीं दिवस चंद्रनगरास राहिलें, व जगदीशचंद्र लहान होडींतून नदी ओलांडून कॉलेजांत जात. शेवटीं अधिकाऱ्यांनीं त्यांचा हक्क मान्य केला व मागील सर्व काळाचा पुरा पगार एकदम दिला. ती रक्कम त्यांनीं वडिलांचें कर्ज फेडण्यास लावली.

आतां बिनतारी लाटांकडे वळूं. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यांनीं विजेची ठिणगी पाडून तिच्यापासून अदृश्य लाटा निघतात व त्या प्रकाशाप्रमाणेंच परावर्तन पावतात, वळतात, हें सिद्ध केलें. हर्ट्झ १ जानेवारी १८९४ रोजीं वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं वारले. त्यांच्या कार्यावर इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यांनीं दिलेलें व्याख्यान छापून कलकत्त्यास आलें आणि जगदीशचंद्रांच्या वाचनांत आलें. त्याच साली ३० नोव्हेंबरला त्यांस छत्तीस वर्षें पुरीं झालीं. त्या वाढदिवशीं त्यांनीं निश्चय केला कीं, येथून पुढें आयुष्य संशोधनास वाहावयाचें.

निश्चय झाला, पण जागा कोठें होती? कॉलेजांत संशोधनासाठीं प्रयोगशाळा नव्हती. एका स्नानगृहाशेजारची चोवीस चौरस फूट जागा त्यांना मिळाली. चोवीस चौरस फूट म्हणजे सहा फूट लांब व चार फूट रुंद. आपल्या वर्गांतील दोन बाकें तींत बसणार नाहींत. उपकरणें करून देण्यास विलायती कारागीर नव्हता. एक देशी तांबट हाताशीं धरून त्याला त्यांनीं स्वतः शिकविलें. दिवसा अध्यापनाचें काम भरपूर असे. संशोधन उरलेल्या वेळांत.

या कोंदट खोलींत त्यांनीं जो विचार केला तो मला फार मोलाचा वाटतो. हर्ट्झ यांच्या लाटा लांब होत्या. आरशाच्या प्रयोगांत वापरलेली त्यांची लाट सुमारें ६६ सेंटिमीटरांची होती. अशी लाट वळविण्यासाठीं त्यांना डांबराचा लोलक करावा लागला तो पांचशें किलोग्रॅमांहून जड! ज्या मानानें लाट लांब, त्या मानानें आरसा, लोलक, एरियल, सर्वच अवजड. जगदीशचंद्रांनीं हिशेब उलटा मांडला. खोली लहान आहे, तर लाटही लहान करावी. त्यांनीं प्लॅटिनमचे बारीक गोळे जुळवून ठिणगी पाडण्याचें असें यंत्र केलें कीं, त्यांतून २५ मिलिमीटरांपासून थेट ५ मिलिमीटरांपर्यंतच्या लाटा निघाव्या. मग लोलक गंधकाचा, हातांत मावेल एवढा, पुरला. लाटेचें ध्रुवीभवन दाखविण्यास त्यांनीं काय वापरलें असेल? रेल्वेचें जाडजूड वेळापत्रक! त्याच्या पानांमध्यें कथलाचे पातळ पत्रे घातले कीं, लाट एका दिशेनें आंतून जाई व पुस्तक फिरविलें कीं अडे. पिळलेल्या तागाच्या जुड्याही त्यांनीं अशाच कामीं लावल्या. बंगालांत तागाला काय तोटा!

लाट ठरली कीं तिला साजेसें फेंकणारें व झेलणारें तोंड हवें. लांब लाटेस उंच तार लागते. या बारीक लाटेस तार नको होती. जगदीशचंद्रांनीं तिला पितळेच्या नळींतून चालविलें, व नळीच्या तोंडाशीं कर्ण्यासारखें पसरट नरसाळें बसविलें. त्या नरसाळ्यानें लाटा एका दिशेस एकवटून जात व दुसऱ्या बाजूच्या नरसाळ्यांत गोळा होत. आज शास्त्रज्ञ ज्याला हॉर्न अँटेना म्हणतात व ज्याला वेव्हगाइड म्हणतात, तीं हींच. ठिणगीचें यंत्र त्यांनीं धातूच्या दुहेरी पेटींत बंद केलें, कारण धातूंतून लाट पार होत नाहीं, व भलतीकडून निसटलेली लाट ग्राहकास फसवूं शकते. आमच्या नववीच्या मुलांनीं हाच गुण नकळत उलटा वापरला होता: ज्या तारेनें लाट झेलावयाची तिलाच त्यांनीं पत्र्याच्या डब्यांत कोंडलें.

ग्राहकाची निवड ही सर्वांत कठीण. त्या वेळीं लोखंडाच्या किसानें भरलेली कांचेची नळी वापरीत. लाट आली कीं कीस एकमेकांस चिकटे व वीज वाहूं लागे. पण पुन्हां सावध करण्यास नळीला दर वेळीं टिचकी मारावी लागे, आणि तिच्या लहरीपणाला तर सीमा नव्हती. जगदीशचंद्रांनीं किसाऐवजीं पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एका ओळींत बसविल्या व त्यांवरील दाब स्क्रूनें कमीजास्त करण्याची सोय केली. बंगालच्या दमट हवेंत पोलाद गंजे, म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला. पुढें लोखंड व पारा यांच्या स्पर्शावर चालणारा, टिचकीची गरज नसलेला ग्राहक त्यांनीं केला व १८९९ मध्यें त्याचें वर्णन रॉयल सोसायटीपुढें ठेवलें. त्याहूनही पुढची पायरी म्हणजे गॅलीना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचें टोंक टेकवून केलेला ग्राहक. आज आपल्या खिशांतील प्रत्येक यंत्रांत अर्धवाहक पदार्थ आहेत. त्यांचा बिनतारी लाटा ओळखण्याकडे उपयोग करणारे पहिले म्हणून ट्रॅन्झिस्टरचे एक जनक वॉल्टर ब्रॅटन यांनीं पुढें जगदीशचंद्रांचाच मान राखला.

१८९५ मध्यें कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें त्यांनीं लोकांसमक्ष प्रयोग केला. लाटा मधल्या भिंती ओलांडून सुमारें ७५ फुटांवरच्या खोलींत गेल्या, तेथें घंटा वाजली व थोडीशी बंदुकीची दारू उडाली. मध्यें तार नव्हती. १८९६ मध्यें लंडन विद्यापीठानें त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी दिली, आणि २९ जानेवारी १८९७ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें, जेथें पूर्वीं फॅरडे व्याख्यानें देत, त्या व्यासपीठावर त्यांनीं आपलें लहानसें उपकरण मांडलें. स्नानगृहाशेजारच्या खोलींतली वस्तु तेथवर पोंचली.

मग रेडिओचा शोध बोस यांनीं लावला कीं मार्कोनी यांनीं, हा प्रश्न मुलें नेहमीं विचारतात. आपल्या देशाचा अभिमान बाळगणें चांगलें, पण शास्त्रांत तोलून बोलावें. दोघांचीं साध्यें भिन्न होतीं, म्हणून निवडीही भिन्न होत्या. मार्कोनी यांना दूर संदेश धाडावयाचा होता. त्यांनीं लांब लाटा घेतल्या, तार उंच चढविली, दुसरें टोंक जमिनींत पुरलें. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगानें वर नेलेल्या सुमारें ५०० फूट तारेनें त्यांनीं अटलांटिकपलीकडची खूण टिपली. जगदीशचंद्रांना लाटेचे गुणधर्म पारखावयाचे होते. त्यासाठीं मिलिमीटरांची लाट योग्य, पण ती दूर जाणारी नव्हे. पांच मिलिमीटरांच्या सुमाराची लाट तर हवेंतील ऑक्सिजनच शोषून घेतो. मात्र मार्कोनी यांनीं त्या दिवशीं जो ग्राहक वापरला तो पाऱ्याचा होता, व त्याचें मूळ जगदीशचंद्रांच्या १८९९ च्या निबंधांत आहे, असें एका संशोधकानें १९९८ मध्यें सप्रमाण मांडलें आहे.

हीच निवड आजच्या विद्यार्थ्यापुढें दुकानांत उभी राहते. ४३३ मेगाहर्ट्झचें मॉड्यूल घेतलें तर लाट सुमारें ६९ सेंटिमीटर, आणि साध्या उभ्या तारेस तिच्या चौथ्या हिश्श्याची लांबी लागते, म्हणजे सतरा सेंटिमीटरांहून थोडी अधिक. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील घेतलें, जो आपल्या सरकारनें ठरावीक शक्तीच्या आंत परवान्यावांचून मोकळा ठेविला आहे, तर तार साडेआठ सेंटिमीटरांच्या जवळपास. २.४ गिगाहर्ट्झचें घेतलें तर सुमारें तीन सेंटिमीटर. तें पेटींत सुखानें मावतें, पण झाडें, भिंती व माणसें यांनीं अधिक अडतें. तंबोऱ्याची तार जशी आपल्या लांबीच्या सुरालाच नीट झंकारते, तशी ही तार. ती अर्धी कापली तर तिला आपल्या लाटेचा सूर लागत नाहीं. मग यंत्र कितीही जोरकस असो. शेतांतल्या विहिरीची वार्ता एक मैलावरच्या घरीं पाठवावयाची असेल तर पहिल्या दोहोंपैकीं एक, व एकाच खोलींत चित्रें पाठवावयाचीं असतील तर तिसरें. प्रथम काम पाहावें, मग लाट, मग तार, आणि किंमत सर्वांच्या शेवटीं.

लाट व अँटेना यांचें हें नातें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. तेथें ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे; त्यांपैकीं कांहीं खोडदला जवळजवळ व बाकीच्या दूरवर पसरलेल्या. त्या थाळ्या भरीव नाहींत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत, कारण आकाशांतून येणाऱ्या लांब लाटांना ती जाळी भिंतीसारखीच वाटते. जगदीशचंद्रांची पांच मिलिमीटरांची लाट मात्र त्या जाळींतून बरीचशी गळून जाईल.

आतां त्यांच्या स्वभावाची दुसरी कसोटी. त्यांच्या ग्राहकाचें व्यापारी मोल ओळखून लोक पैसे देऊं करीत. १९०१ मध्यें विलायतेंत एका तार कंपनीचा मालक नफ्यांत वाटा देण्यास तयार होता. त्यांनीं साफ नाकारलें. ज्ञान विकूं नये, अशी त्यांची निष्ठा होती. भगिनी निवेदिता व श्रीमती सारा बुल या दोघींनीं आग्रह केला तेव्हां गॅलीनाच्या ग्राहकाचें अमेरिकन पेटंट मागण्यांत आलें. तें मार्च १९०४ मध्यें मिळालेंही. पण त्यांनीं त्यापासून पैसा म्हणून घेतला नाहीं, व तें तसेंच मुदत संपून गेलें. ही निष्ठा थोर खरी. तरी त्या पेटंटाच्या उत्पन्नांतून गरीब विद्यार्थ्यांसाठीं एखादी प्रयोगशाळा उभी राहिली असती, असा विचार माझ्या मनांत येतो व तो मी लपवीत नाहीं.

या सुमारासच ते लाटांपासून दूर गेले. धातूचे ग्राहक सतत वापरले कीं जणूं थकतात व विसाव्यानें ताजे होतात, असें त्यांना दिसलें. त्यावरून सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादाकडे, व तेथून वनस्पतींकडे त्यांचें मन वळलें. वनस्पतींची वाढ हजारों पटींनीं मोठी करून दाखविणारें क्रेस्कोग्राफ नांवाचें यंत्र त्यांनीं केलें. त्यांच्या या भागांतील कांहीं निष्कर्षांस पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनीं कडाडून विरोध केला, व त्यांतील सर्वच पुढें टिकले असें नाहीं. इकडे बिनतारी विद्या ज्या लांब लाटांच्या वाटेनें गेली, तिच्यांत त्यांच्या बारीक लाटांचें स्मरण फारसें कोणास राहिलें नाहीं.

१९१५ मध्यें ते कॉलेजांतून निवृत्त झाले. १९१७ मध्यें त्यांना सर ही पदवी मिळाली व त्याच वर्षीं आपल्या वाढदिवशीं, ३० नोव्हेंबरला, त्यांनीं कलकत्त्यास बसु विज्ञान मंदिराची स्थापना केली. १९२० मध्यें रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें त्यांचा अंत झाला. एकुणऐंशी वर्षें पुरीं होण्यास सात दिवस उरले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर पाऊणशें वर्षांनीं, २०१२ मध्यें, विद्युत्‌शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्यांच्या कलकत्त्यांतील १८९४ ते १८९६ या काळांतील मिलिमीटर लाटांच्या प्रयोगांचा विशेष गौरव केला. कारण आतां त्या बारीक लाटांची जगास गरज पडली आहे: एकाच खोलींत पुष्कळ माहिती झपाट्यानें नेण्यासाठीं ६० गिगाहर्ट्झचीं मॉड्यूलें निघालीं आहेत, आणि त्यांची लाट बरोबर ५ मिलिमीटरांची आहे. ऑक्सिजन तिला शोषतो हाही आतां गुणच ठरला, कारण एका खोलींतील बोलणें दुसरीकडे जाऊन गोंधळ करीत नाहीं. जगदीशचंद्रांचीं मूळ उपकरणें कलकत्त्यास त्यांच्या संस्थेंत जपून ठेविलेलीं आहेत. पितळेचीं नरसाळीं आहेत, स्प्रिंगांचा ग्राहक आहे, आणि त्यांच्याजवळच पानापानांत कथलाचे पत्रे घातलेलें तें रेल्वेचें वेळापत्रकही आहे.